गाडीला सावली हवी, छत्रीला आकाश: फिरत्या वाहनावर उपग्रह इंटरनेट (नागपूर)

वर्धारोडकर (धागाकर्ता), ८ डिसेंबर २०२५, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी एक वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मी तिच्यात दोघांच्या झोपण्याची सोय, लहानसा ओटा, पाण्याची टाकी, १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी आणि छतावर २०० वॅटचे सौर पॅनेल बसवून घेतले. आरटीओकडील फेरफाराची नोंद झालेली आहे, त्यामुळे तो विषय येथे नको. माझा प्रश्न इंटरनेटचा आहे. मी लेखापरीक्षणाचे काम घरूनच करतो आणि दिवसातून दोन तास तरी व्हिडिओ मीटिंग असते. जबलपूर रस्त्याने मनसरपर्यंत किंवा उमरेडपर्यंत काही अडत नाही. पण जंगलभागात, म्हणजे सिल्लारीला, पिटेझरीकडे, सेमाडोहच्या पुढे आणि आलापल्लीहून भामरागडकडे वळल्यावर मोबाइलचे जे काही होते ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे.

माझा मेहुणा टेक्सासमध्ये असतो आणि जानेवारीत येतो आहे. तो म्हणतो की तिकडे लोक आरव्हीवर (राहण्याची सोय असलेल्या गाडीवर) वापरतात ती लॅपटॉपएवढी छोटी उपग्रह इंटरनेटची छत्री (डिश) पाठीवरच्या पिशवीत घालून आणतो. ती आणू द्यावी का, आणली तर छतावर कायमची बसवावी की काढघाल करावी, आणि माझ्या बॅटरीला ती झेपेल का, एवढेच विचारायचे आहे.

---

छत्री_मिस्त्री, ९ डिसेंबर २०२५, रात्री १०.१५

वर्धारोडकर भाऊ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: आणू देऊ नका. मी वीस-बावीस वर्षे बँकांच्या एटीएमवर आणि पेट्रोल पंपांवर व्हीसॅटच्या (उपग्रहाशी जोडणाऱ्या लहान केंद्रांच्या) छत्र्या बसवल्या आहेत, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

टीव्हीची छत्री केवळ ऐकते, पण इंटरनेटची छत्री उपग्रहाशी बोलतेही, म्हणजे ती रेडिओ प्रक्षेपक आहे, आणि असे यंत्र विनापरवाना बाळगणे हाच आपल्याकडे १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून गुन्हा मानला गेला आहे. आता त्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला असला तरी मूळ भूमिका तीच आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी हातातली यंत्रे घेऊन आलेल्या परदेशी गिर्यारोहकांना आणि पर्यटकांना आपल्या विमानतळांवर अडवले गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. २०२४ च्या अखेरीस मणिपुरात सुरक्षा दलांना सापडलेल्या साठ्यात स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचे नाव असलेले एक यंत्र होते, तेव्हापासून या विषयाकडे अधिकच बारकाईने पाहिले जाते. तुमचा मेहुणा केवळ हौसेने आणत असला तरी कस्टमच्या टेबलावर हौसेचा रकाना नसतो. शिवाय आणून उपयोगही नाही, कारण तिकडचे खाते इकडच्या आकाशात चालत नाही.

आता परवानगीची स्थिती. उपग्रहाद्वारे सेवा देण्याचा परवाना वनवेबला २०२१ मध्ये, जिओच्या उपग्रह कंपनीला २०२२ मध्ये आणि स्टारलिंकला जून २०२५ मध्ये मिळाला. स्टारलिंकला इन-स्पेस या अवकाश क्षेत्राच्या सरकारी संस्थेची मंजुरी त्यानंतर जुलैमध्ये मिळाली. मात्र परवाना मिळणे आणि सेवा सुरू होणे यांच्यामध्ये स्पेक्ट्रमचे वाटप, भूकेंद्रे आणि सुरक्षा चाचण्या असा लांब रस्ता आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने गेल्या मे महिन्यात शुल्काच्या शिफारशी केल्या, पण घरगुती ग्राहकाला जोडणी अजून मिळालेली नाही. कालच एका संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये असा दर झळकला आणि लगेच तो चाचणीचा मजकूर असल्याचा खुलासाही आला. आपल्या राज्य शासनाने नोव्हेंबरमध्ये स्टारलिंकशी जे आशयपत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव यांसारखे जिल्हे आहेत, आणि ते शाळा, आरोग्य केंद्रे, शासकीय कार्यालये यांच्यासाठी आहे. फिरत्या गाडीच्या मालकाने त्यावर आज भिस्त ठेवू नये.

तंत्राविषयी उद्या लिहितो. आज पाय दुखत आहेत.

---

जुनापुराणा, ९ डिसेंबर २०२५, रात्री ११.०२

जंगलात जाऊन मीटिंग कशाला घ्यायची, हा प्रश्न कोणी विचारणार नसेल तर मी विचारतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवा, मीटिंगच्या दिवशी मनसरला थांबा आणि बाकीचे दिवस नागझिऱ्याला द्या.

---

छत्री_मिस्त्री, १० डिसेंबर २०२५, सायंकाळी ७.३०

जुनापुराणा काकांचे म्हणणे दिसते तितके चेष्टेचे नाही. त्याकडे शेवटी येईन.

सध्या हिवाळी अधिवेशन चालू आहे. विधानभवनाच्या परिसरात वृत्तवाहिन्यांच्या ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाच्या गाड्या) उभ्या असतात, त्या एकदा जवळून पाहून या. फिरत्या वाहनावरील उपग्रह जोडणी म्हणजे काय, हे नागपूरकराला दर डिसेंबरात फुकट पाहायला मिळते. त्यांची छत्री भूस्थिर उपग्रहाकडे रोखलेली असते. असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला एकाच जागी दिसतो. उदाहरणार्थ, इस्रोचा २०१८ मध्ये अवकाशात गेलेला जीसॅट-११ हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर आणि ७९.१ अंश पूर्व. हिशेब केला तर येथून तो दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारे १४ अंश सरकून आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर दिसतो. म्हणजे गाडी कुठेही उभी करा, तिच्या दक्षिणेला उंच झाड किंवा इमारत चिकटून नसली म्हणजे झाले.

ही त्याची सोय, आणि आता अडचण. सव्वा मीटर व्यासाच्या छत्रीचा केयू या रेडिओ लहरींच्या पट्ट्यातील झोत जेमतेम दीड अंशाचा असतो. गाडी स्प्रिंगवर उभी असते, आत एखादा जाडजूड माणूस चढला की ती तेवढी सहज कलते. म्हणून ओबी व्हॅनला चारही बाजूंनी जॅक असतात. ते टेकवल्याशिवाय छत्री उघडायची नाही, हा पहिला धडा आम्हाला शिकवला गेला होता. चालत्या गाडीत अशी छत्री वापरायची तर तिला सतत वळवत राहणारी महागडी यंत्रणा लागते.

दुसरी अडचण वेळेची. संकेत वर जाऊन खाली येतो तेव्हा ७२,००० किलोमीटरचा प्रवास होतो, त्याला पाव सेकंद लागतो, आणि समोरच्याचे उत्तर येण्यास आणखी पाव सेकंद. बँकेचा व्यवहार यावर निर्धास्त चालतो, कारण यंत्रांना थांबायची लाज नसते. माणसे मात्र अर्ध्या सेकंदाच्या शांततेत दुसऱ्याचे बोलणे संपले असे समजून स्वतः बोलू लागतात, आणि मग दोघेही "बोला, बोला" म्हणत बसतात.

याउलट स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर आहेत आणि वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. तेथे हाच विलंब सेकंदाच्या काही शतांशांवर येतो आणि बोलणे सरळ होते. पण खालचा उपग्रह एका जागी थांबत नाही. तो काही मिनिटांत या क्षितिजाकडून त्या क्षितिजाकडे जातो, म्हणून छत्रीला सतत एकाला सोडून दुसऱ्याला धरावे लागते. स्टारलिंकमध्ये कोणत्या छत्रीने कोणत्या उपग्रहाशी बोलायचे, याची फेरमांडणी दर १५ सेकंदांनी होते. ही छत्री प्रत्यक्ष हलत नाही. तिच्या सपाट पृष्ठाखाली शेकडो लहान अँटेना असतात आणि त्यांच्या संकेतांची कला (लहरींची फेज) पुढेमागे करून झोत वळवला जातो. म्हणूनच ती चालत्या गाडीतही चालू शकते. किंमत अशी की तिला आकाशाचा एक कोपरा पुरत नाही, जवळजवळ सगळे आकाश लागते. मोठ्या छत्रीचे दृष्टिक्षेत्र ११० अंशांचे आहे. दक्षिणेला एक खिडकी मोकळी ठेवून भागवण्याची आमची जुनी युक्ती येथे निरुपयोगी आहे.

---

माहेर_धंतोली, ११ डिसेंबर २०२५, सकाळी ६.१०

मी आठ वर्षे ॲरिझोनात राहते. आमच्याकडे आरव्ही आहे आणि तिच्यावर तीन उन्हाळे अशी छत्री वापरली आहे. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण मी सांगणार आहे ती अडचण उष्णतेची आहे आणि ती कोणाच्याही यंत्राला चुकणार नाही.

पहिल्या वर्षी आम्ही हौसेने छत्री छतावर कायमची ठोकून घेतली. रस्त्याने जाताना मुले मागे बसून चित्रपट पाहत, आम्ही खूश. जूनमध्ये एका तळावर मुक्काम केला. बाहेर ४६ अंश तापमान, त्यामुळे कोणताही शहाणा माणूस करील तेच आम्ही केले, गाडी एका मोठ्या झाडाच्या सावलीत लावली. गाडीच्या आत बरे वाटू लागले आणि इंटरनेट दर अर्ध्या मिनिटाला तुटू लागले, कारण वर पाने होती. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात आणली. इंटरनेट उत्तम चालले, पण दुपारी दीड वाजता छत्रीने जास्त तापल्याचा संदेश दिला आणि ती स्वतःहून बंद पडली. अशा यंत्रांची मर्यादा साधारण ५० अंशांची असते आणि ती हवेच्या तापमानाची म्हणून लिहिलेली असली, तरी तापलेल्या पत्र्यावरची हवा हवामान खात्याच्या पेटीतल्या हवेसारखी नसते. यजमानांनी वर चढून तिच्यावर ओला पंचा टाकला, तर ती थंड झाली पण पाण्यामुळे संकेत मंदावला. शेवटी आम्ही पाच वाजेपर्यंत थांबलो.

तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य रूढ झाले आहे: गाडीला सावली हवी आणि छत्रीला आकाश. पुढच्या वर्षी आम्ही ती छतावरून उतरवली, एका तिपाईवर ठेवली आणि १५ मीटर वायरीने जोडली. गाडी झाडाखाली, छत्री मैदानात. चालत्या गाडीतील चित्रपट गेले, पण मुक्कामाचे इंटरनेट मिळाले, आणि आम्हाला खरोखर तेच हवे होते.

नागपूरचा मे महिना मी विसरलेले नाही, म्हणून हे लांबलचक लिहिले.

---

वर्धारोडकर (धागाकर्ता), ११ डिसेंबर २०२५, रात्री ८.५५

ताई, तुमच्या प्रतिसादाने माझे अर्धे मनसुबे बदलले. मेहुण्याला कालच नकार कळवला. तो थोडा रुसला आहे, पण आता पिशवीत बदाम आणणार आहे.

उष्णतेबाबत आपण नागपूरकर बढाई मारतो, पण २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती हे खरे आहे. (गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ५६ अंशांचा आकडा देशभर गाजला, तो संवेदकाचा दोष निघाला; आमच्या गच्चीला मात्र तो खराच वाटला होता.) म्हणजे पत्र्याच्या छतावर चिकटवलेली छत्री एप्रिल ते जून दुपारी बंद पडणारच, असे धरून चालावे लागेल.

मात्र एक नवी अडचण दिसते. माझे सौर पॅनेलही छतावरच आहे. गाडी सावलीत लावली की छत्रीबरोबर बॅटरीही उपाशी राहते. आता वीज किती लागते ते कोणी सांगेल का?

---

कामठीचा_वायरमन, १२ डिसेंबर २०२५, दुपारी २.२०

वर्धारोडकर साहेब, मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. उपग्रहाचे मला कळत नाही, पण अँपिअर कळतात.

स्टारलिंकची जी लहान छत्री आहे ती सरासरी २५ ते ४० वॅट घेते आणि १२ ते ४८ व्होल्ट डीसीवर थेट चालते, असे तिच्या तपशिलात दिलेले आहे. मोठी छत्री ७५ ते १०० वॅट घेते आणि मुळात घरातल्या विजेसाठी बनवलेली आहे, त्यामुळे गाडीत तिला इन्व्हर्टर लागतो आणि तो मध्येच दहा-पंधरा टक्के वीज स्वतः खातो. तुमची १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॅट-तास. लहान छत्री दिवसाला आठ तास चालवली तरी २०० ते ३२० वॅट-तास जातील, म्हणजे पॅनेलशिवायही साधारण चार दिवस निघतात, जर फ्रिज आणि पंखा यांनी आपला वाटा आधीच नेला नसेल तर. मीटिंग संपली की स्विच बंद करण्याची सवय लावली तर आणखी दिवस निघतील. ही छत्री मोकळी बसली तरी उपग्रह धरून बसते आणि वीज घेत राहते. ती मोबाइलसारखी झोपत नाही.

आता खरा मुद्दा. ताईंनी १५ मीटर वायरीचा उल्लेख केला आहे आणि येथेच आपल्याकडचे नव्वद टक्के लोक फसतील. मागच्या उन्हाळ्यात एका फिरत्या दुकानाच्या गाडीवर मी मोठ्या प्रकाशझोताचा दिवा बसवला, मालकाने घरातली पाऊण चौरस मिलिमीटरची वायर वाचवून ठेवली होती, तीच वापरण्याचा आग्रह धरला. दिवा लुकलुकत राहिला. छत्रीचेही तसेच होईल, आणि दिवा निदान दिसतो तरी. छत्री फक्त पुन्हा पुन्हा सुरू होत राहते आणि माणूस उपग्रहाला शिव्या देतो.

हिशेब सोपा आहे. सुरू होताना ६० वॅटची तयारी ठेवावी लागते, म्हणजे १२ व्होल्टवर ५ अँपिअर. पाऊण चौरस मिलिमीटर तांब्याची वायर १० मीटर अंतरावर नेली तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि तिचा रोध जवळजवळ अर्धा ओहम भरतो. पाच अँपिअरला अडीच व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि छत्रीला साडेनऊ-दहा व्होल्ट मिळतात. ती १२ च्या खाली चालण्यासाठी बनलेलीच नाही. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट पाऊण व्होल्टवर येते, तरीही बॅटरी उतरत आली की काठावरच राहते. उत्तम उपाय असा की गाडीतच एक व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर बसवून वायरीत ४८ व्होल्ट सोडावेत. तेवढ्याच ६० वॅटला मग सव्वा अँपिअर पुरतो आणि लांब वायरीचा त्रास संपतो. कन्व्हर्टर इंजिनजवळ ठेवू नका आणि त्याच्या आधी फ्यूज विसरू नका.

गाडीच्या मूळ बॅटरीवरून हे चालवायचे मनातही आणू नका. सकाळी पिटेझरीच्या फाटकाशी धक्का मारायला माणसे शोधावी लागतील.

---

भामरागडची_वाट, १२ डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

आम्ही एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीबरोबर महिन्यातून दहा-बारा दिवस एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांत असतो. आमच्या गाडीत उपग्रह जोडणी नाही, पण तिची गरज कशी असते याविषयी दोन शब्द लिहिते.

शहरातून पाहणाऱ्याला वाटते की टॉवर नसणे ही अडचण आहे. काही ठिकाणी ती आहेच, आणि केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतून बीएसएनएलचे नवे टॉवर उभे राहू लागले आहेत. पण टॉवर असूनही इंटरनेट नसण्याचा प्रसंग अधिक वेळा येतो. वादळात वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास तग धरते आणि मग तोही मिटतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागडचा रस्ता बंद झाला की दुरुस्ती करणारा माणूस पलीकडच्या तीरावर राहतो. अशा वेळी आपली वीज आणि आपले आकाश घेऊन फिरणारी गाडी खरोखर मोलाची ठरेल.

मात्र आम्हाला दिवसभर इंटरनेट लागत नाही. रुग्णांच्या नोंदी टॅबमध्ये साठतात आणि संध्याकाळी जाळे मिळाले की पाठवल्या जातात. थेट जोडणी लागते ती एखादी बाळंतीण अडली किंवा साप चावलेला मुलगा आला आणि गडचिरोलीच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवून विचारायचे असले तर. तो प्रसंग आठवड्यातून एकदा येईल, पण आला की दहा मिनिटे अखंड हवीत. म्हणून वेगाच्या आकड्यांपेक्षा छत्री पेटीतून काढल्यापासून किती मिनिटांत बोलू लागते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. छत्री_मिस्त्री दादा, याचे उत्तर द्याल का?

---

छत्री_मिस्त्री, १३ डिसेंबर २०२५, सकाळी ८.०५

ताई, हा प्रश्न विक्रेत्यालाही विचारत जा. भूस्थिर उपग्रहाची छत्री हाताने लावायची तर अनुभवी माणसालाही वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो आणि नवख्याची सकाळ जाते. आपोआप रोखणारी यंत्रणा असेल तर काही मिनिटे. खालच्या उपग्रहांची सपाट छत्री जमिनीवर ठेवून वीज दिली की साधारण पाच-दहा मिनिटांत जोडली जाते, मात्र बऱ्याच अंतरावरून नव्या जागी नेली असेल तर पहिल्यांदा थोडा अधिक वेळ घेते. आणीबाणीसाठी ठेवणार असाल तर दर आठवड्याला एकदा सुरू करून पाहा. तिची प्रणाली अद्ययावत होण्याचे काम नेमके त्या बाळंतिणीच्या वेळी सुरू व्हायला नको.

आता झाडांविषयी, कारण आपल्या भागात तोच सर्वांत मोठा शत्रू आहे. पेंचचे आणि नागझिऱ्याचे जंगल सागाचे. मार्च-एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो, तेव्हा जी जागा छत्रीला पसंत पडेल, तीच जागा जुलैमध्ये हातभर रुंद पानांनी झाकलेली असेल. कोरड्या पानापेक्षा ओले पान कितीतरी अधिक संकेत गिळते, कारण केयू पट्ट्याच्या लहरींना पाणी अडवते. ढग विशेष त्रास देत नाहीत. मुसळधार सर मात्र देते. दहा-पंधरा मिनिटांची कोसळती सर असेल तेवढा वेळ जोडणी जाईल आणि सर ओसरली की येईल. त्यावर मोठी छत्री काहीशी तग धरते, पण उपाय असा नाही. चहा ठेवावा.

जागा निवडताना उत्तरेचे आकाश मोकळे असल्याची खात्री अधिक करावी. स्टारलिंकचे बरेच उपग्रह ५३ अंश कललेल्या कक्षांत असल्यामुळे त्यांची दाटी आपल्या उत्तरेला अधिक असते. शिवाय त्यांना भूस्थिर उपग्रहांच्या पट्ट्यात ढवळाढवळ करण्यास मनाई आहे आणि तो पट्टा आपल्या दक्षिणेला आहे. म्हणजे टीव्हीच्या छत्रीचे तोंड दक्षिणेला आणि हिचे उत्तरेला, असे एकाच गाडीवर दिसू शकेल.

चालत्या गाडीचे थोडक्यात सांगतो. छत्री पूर्ण सपाट आणि छताला पक्की बांधलेली हवी. तिरकी ठेवली तर वारा तिला पतंगासारखी धरतो. चुंबकाच्या किंवा हवेने चिकटणाऱ्या पकडी आपल्या उन्हात भरवशाच्या नाहीत. काचेच्या आत ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात, पण बंद गाडीच्या काचेमागे मे महिन्यात काय होते ते पापड वाळवणाऱ्यांना विचारा.

---

वर्धारोडकर (धागाकर्ता), १३ डिसेंबर २०२५, रात्री ९.३०

म्हणजे आज मी काय करावे? छत्री विकत घेता येत नाही, पण गाडी तर जानेवारीत निघणार आहे.

---

छत्री_मिस्त्री, १३ डिसेंबर २०२५, रात्री १०.१०

आता जुनापुराणा काकांकडे येतो. तुमची गाडी पत्र्याची पेटी आहे आणि तुम्ही मोबाइल त्या पेटीच्या आत धरून जाळे नाही म्हणता. दोन सिमकार्डांचा राउटर घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे घाला, आणि त्याची अँटेना छताच्या बाहेर काढा. अँटेनाची वायर शक्य तितकी आखूड ठेवा, कारण या वायरीत संकेतही झिरपतो. जेथे हातातल्या फोनला एक दांडी दिसते, तेथे बाहेरच्या चांगल्या अँटेनावर मीटिंग निभावल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. सिग्नल बूस्टर नावाचे जे यंत्र बाजारात गुपचूप मिळते ते मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय ते बसवणे बेकायदा आहे आणि त्याने आसपासच्या टॉवरला त्रास होतो. सिल्लारीसारख्या ठिकाणी एवढ्यावर भागेल असे मला वाटते. भामरागडला भागणार नाही.

आणि छत्रीची तयारी आजच करून ठेवा. छताला छिद्रे आज पाडायचीच आहेत तर त्यातून छत्रीसाठी एक रिकामी नळीही सोडून ठेवा.

---

जुनापुराणा, १३ डिसेंबर २०२५, रात्री १०.२५

माझ्या सल्ल्याला इतका लांबचा वळसा घालून मान्यता मिळाल्याबद्दल आभारी आहे. रामटेकला मुक्काम केलात तर बाहेर पसरलेल्या वायरीवर लक्ष ठेवा. गडावरची वानरे अशी वस्तू जाता जाता ओढून पाहतात.

---

माहेर_धंतोली, १४ डिसेंबर २०२५, सकाळी ७.००

वानरांचे हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे खारींनी एक वायर कुरतडली होती. वायर लवचीक पीव्हीसी नळीतून न्या आणि तिपाईला पायाशी एक साखळी बांधा, कारण छत्री गाडीपासून दूर ठेवली की ती उचलून नेणेही सोपे होते. आणखी एक, तिपाईपेक्षा उंच खांबाचा मोह होतो. खांब झाडाच्या वर जाईल इतका उंच कधीच नसतो आणि वाऱ्याने मात्र पडतो.

---

वर्धारोडकर (धागाकर्ता), १४ डिसेंबर २०२५, रात्री ८.१५

ठरले. राउटर आणि छतावरची अँटेना आता. ४८ व्होल्टचा कन्व्हर्टर आणि मागच्या दाराशी एक बाहेरचे सॉकेट आताच बसवून ठेवतो. छत्री सेवा रीतसर सुरू झाल्यावर आणि तीही लहान, काढघाल करण्याची. सौर पॅनेलपैकी १०० वॅटचे एक छतावरून उतरवून घडीचे करावे, म्हणजे तेही छत्रीशेजारी उन्हात मांडता येईल, असे सौ.ने सुचवले आहे आणि ते मला पटले. वायरमन भाऊ, छताला छिद्र कोठे पाडू? लोहापुलाखालून जाताना वरच्या अँटेनाची धास्ती वाटते.

---

कामठीचा_वायरमन, १४ डिसेंबर २०२५, रात्री ९.०५

छताच्या मधोमध पाडू नका, तेथे पावसाचे पाणी साचते. मागच्या कोपऱ्यात, पन्हाळीच्या वरच्या उभ्या पत्र्यात आडवे पाडा, त्यात रबरी ग्रोमेट (वायरीभोवतीचे कडे) आणि त्यावर तोंड खालच्या बाजूला असलेले झाकण बसवा, आणि आतल्या बाजूने वायरीला एक झोळ देऊन मग वर चढवा, म्हणजे पाणी आलेच तर झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळेल, कन्व्हर्टरपर्यंत पोहोचणार नाही. अँटेना चपटी, तळहाताएवढी मिळते. तिची उंची पॅनेलच्या चौकटीपेक्षा अधिक नसते. रविवारी सकाळी गाडी घेऊन या, पण येताना कॅरिअरवरचे सामान उतरवून या. मागच्या वेळी एका गृहस्थांची शिगडी उतरवण्यातच माझा एक तास गेला होता.